प्रवचनपीठावरील स्खलन: जिभेचे आणि विवेकाचे

रविवारचे मिस्साबलिदान आटोपल्यावर चर्चच्या आवारात भाविक घोळक्याने उभे राहतात. त्या वेळी प्रवचनातील विचारापेक्षा प्रवचनकाराच्या हातून घडलेल्या एखाद्या चुकीचीच चर्चा अधिक रंगते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. उत्तम प्रवचन आठवडाभरात विस्मरणात जाते. परंतु चुकलेले नाव, भलताच उच्चारलेला शब्द किंवा रागाच्या भरात काढलेला उद्गार धर्मग्रामाच्या स्मरणात वर्षानुवर्षे टिकून राहतो.

या चुकांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार जिभेच्या घसरणीचा. मनात एक शब्द असतो आणि मुखातून दुसराच बाहेर पडतो. दुसरा प्रकार विवेकाच्या घसरणीचा. येथे शब्द हवा तोच उच्चारलेला असतो, पण तो उच्चारायलाच नको होता. पहिल्या प्रकाराने हसू येते, दुसऱ्याने जखम होते. हा भेद ध्यानात घेऊन ख्रिस्तसभेच्या इतिहासातील व अलीकडच्या काळातील काही प्रसंगांचा, तसेच त्यांवरील उपायांचा परिचय या लेखात करून दिला आहे.

प्रवचनाचे स्थान

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. प्रवचन हा उपासनेचाच एक भाग होय, असे त्यात स्पष्ट केले आहे. १९८३ सालच्या कॅनन लॉमधील ७६७ व्या कलमानुसार मिस्सातील प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन यांनीच करावयाचे असते. रविवारी व आज्ञापित सणांच्या दिवशी, लोकसमुदाय उपस्थित असताना, गंभीर कारणाशिवाय ते टाळता येत नाही. ७६९ वे कलम सांगते की, ख्रिस्ती शिकवण श्रोत्यांच्या परिस्थितीला व काळाच्या गरजेला अनुरूप अशा रीतीने मांडावी.

या नियमांतून एक गोष्ट आपोआप निष्पन्न होते. प्रवचनाच्या वेळी बोलणारा एक असतो आणि ऐकणारे शेकडो असतात. सभेत श्रोता प्रश्न विचारू शकतो, वर्गात विद्यार्थी हात वर करू शकतो. मिस्साच्या वेळी मात्र कोणी उठून उत्तर देत नाही. गोव्यातील व वसईतील जुन्या चर्चमध्ये भिंतीवर उंच बसविलेली कोरीव लाकडी प्रवचनपीठे आजही पाहावयास मिळतात. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात आवाज सर्वांपर्यंत पोहोचावा, हा त्या उंचीचा हेतू होता. आज प्रवचनकार खाली उतरला आहे, परंतु श्रोत्यांचे मौन कायम आहे. जो प्रत्युत्तर देऊ शकत नाही त्याच्याशी बोलताना अधिक जपावे लागते.

जिभेची घसरण

बोलताना होणाऱ्या चुकांचा पद्धतशीर संग्रह रुडॉल्फ मेरिंगर व कार्ल मायर यांनी १८९५ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. पुढे सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०१ साली अशा चुकांमागे दडपलेल्या इच्छा असतात, असा सिद्धांत मांडला. आजचे भाषाशास्त्रज्ञ बहुतेक चुकांचे कारण साधे मानतात. वाक्य उच्चारण्यापूर्वी मेंदू पुढील ध्वनींची जुळवाजुळव करीत असतो आणि त्या घाईत दोन ध्वनी किंवा दोन शब्द आपल्या जागा बदलतात. तेव्हा प्रवचनकाराची जीभ घसरली म्हणून त्याच्या मनात काहीतरी वाईट दडलेले आहे, असा तर्क करणे अन्यायाचे ठरेल.

या प्रकारच्या चुकीला इंग्रजीत ज्यांचे नाव मिळाले ते विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर (१८४४–१९३०) हे अँग्लिकन धर्मगुरू व ऑक्सफर्ड येथील न्यू कॉलेजचे प्रमुख होते. शब्दांची आद्याक्षरे अदलाबदल होण्याच्या प्रकाराला त्यांच्यावरून ‘स्पूनरिझम’ म्हणतात. त्यांच्या नावावर खपविले जाणारे बहुतेक किस्से विद्यार्थ्यांनीच रचलेले आहेत. एक आख्यायिका मात्र प्रत्येक प्रवचनकाराने ऐकावी अशी आहे. प्रवचन संपवून खाली उतरलेले स्पूनर पुन्हा वर गेले आणि आपण जेथे जेथे ॲरिस्टॉटल म्हणालो तेथे तेथे संत पौल असे समजावे, एवढे सांगून परतले. किस्सा खरा असो वा नसो, चूक ध्यानात येताच परत जाऊन ती सुधारण्याची वृत्ती अनुकरणीय आहे.

परकी भाषा बोलताना घसरण्याचा धोका अधिक असतो. २ मार्च २०१४ रोजी संत पेत्राच्या चौकात रविवारच्या एंजलस प्रार्थनेच्या वेळी पोप फ्रान्सिस इटालियन भाषेत बोलत होते. त्यांची मातृभाषा स्पॅनिश. ‘या बाबतीत’ अशा अर्थाचा शब्द उच्चारताना एक व्यंजन बदलले आणि इटालियन भाषेतील एक अशिष्ट शब्द मुखातून निघून गेला. त्यांनी तत्काळ योग्य शब्द उच्चारला व ते पुढे बोलू लागले. जगभर त्या क्षणाची ध्वनिचित्रफीत पाहिली गेली. पण कोणाचे मन दुखावले नाही.

आपल्या मराठी प्रवचनांनाही हा धोका आहेच. ज्यांच्या कानाला हिंदीचीच सवय आहे त्यांना ‘ळ’ उच्चारणे जड जाते. मग ‘मूळ पाप’ हे ‘मूल पाप’ होते आणि बाप्तिस्म्यासाठी बाळाला घेऊन आलेले आईवडील चमकून पाहू लागतात. काना येथील लग्नप्रसंगी येशूने उल्लेखिलेली ‘वेळ’ ही ‘वेल’ होऊन बसते. आणि त्याच शुभवर्तमानात पुढे खराखुरा द्राक्षवेल येत असल्यामुळे गोंधळात भर पडते. समान दिसणारे संस्कृत शब्द त्याहून फसवे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण; परंतु ‘येशूने शिष्यांना शिक्षा दिली’ असे मराठीत म्हटले की शिष्यांचा काय अपराध झाला, असा प्रश्न श्रोत्यांना पडतो. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. मराठीत प्रार्थनेची चेष्टा करण्याचा उपदेश कोणी केला तर त्याचा अर्थ सांगावयास नको.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचून ते १६१६ साली प्रसिद्ध करण्याइतके त्यांनी ही भाषा आत्मसात केली, आणि कोंकणीचे व्याकरणही लिहिले. लोकांची भाषा शिकणे हा सुवार्ताप्रसाराचाच भाग आहे, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या प्रदेशात नाही.

एका शब्दासाठी गदारोळ

कित्येकदा शब्द चुकीचा नसतो, पण श्रोत्यांच्या कानाला तो अपरिचित असतो. संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४०३ च्या सुमारास संत जेरोम यांना लिहिलेल्या पत्रात असा एक प्रसंग नोंदविला आहे. आजच्या लिबियातील त्रिपोली म्हणजे तेव्हाचे ओएआ नगर. तेथील बिशपांनी जेरोम यांचे नवे लॅटिन भाषांतर चर्चमध्ये वाचावयास घेतले. योना संदेष्ट्यावर सावली धरणाऱ्या झाडाला पूर्वीच्या भाषांतरात भोपळ्याचा वेल म्हटले होते. जेरोम यांनी तेथे आयव्ही नावाच्या वेलीचे नाव योजिले. पिढ्यान् पिढ्या ऐकलेला शब्द बदललेला पाहून लोक खवळले. ग्रीक भाषक तर विशेषच संतापले. बिशपांनी स्थानिक ज्यू मंडळींना विचारले असता त्यांनी जुन्याच शब्दाला दुजोरा दिला. अखेर आपल्याला एकही श्रोता उरणार नाही या भीतीने बिशपांना माघार घ्यावी लागली. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ बहुधा एरंड असावा, असे आज अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे दोन्ही पक्ष चुकलेले असण्याचीच शक्यता अधिक!

या प्रसंगाने ऑगस्टीन अस्वस्थ झाले होते. विद्वत्तेने केलेला बदलसुद्धा पूर्वतयारीवाचून लोकांपुढे ठेवला तर श्रद्धेला धक्का बसतो, हा त्यातील बोध आहे.

दुसऱ्याच्या तोंडचे वाक्य

प्रवचनकार अनेकदा दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करतात आणि त्याची जबाबदारी आपल्यावर नाही असे समजतात. अनुभव याच्या उलट आहे. १२ सप्टेंबर २००६ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जर्मनीतील रेगेन्सबुर्ग विद्यापीठात श्रद्धा व विवेक या विषयावर व्याख्यान दिले. हे प्रवचन नव्हते. पण बोलणारे पोप असल्यामुळे जगाने ते प्रवचनासारखेच ऐकले. बायझंटाईन सम्राट दुसरा मॅन्युएल याचे इस्लामविषयीचे कठोर वाक्य त्यांनी व्याख्यानात उद्धृत केले आणि अनेक देशांत संतापाची लाट उसळली. ते आपले मत नव्हे, असे पोप महोदयांनी १७ सप्टेंबर रोजी जाहीरपणे सांगून उमटलेल्या प्रतिक्रियांबद्दल खेद व्यक्त केला. व्याख्यानाच्या अधिकृत प्रतीत खुलासेवजा तळटीप घालण्यात आली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी इस्तंबूल येथील निळ्या मशिदीला भेट देऊन ते तेथे मौनपूर्वक उभे राहिले. शब्दांनी उघडलेली दरी भरून काढण्यास ते मौन उपयोगी पडले.

२ एप्रिल २०१० रोजी, शुभ शुक्रवारी, संत पेत्र महामंदिरात पोप महोदयांच्या उपस्थितीत फादर रानिएरो कांतालामेस्सा यांनी प्रवचन केले. हे कपुचिन धर्मगुरू १९८० पासून पोपगृहाचे प्रवचनकार होते. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांवरून तेव्हा ख्रिस्तसभेवर टीका होत होती. त्या टीकेची तुलना ज्यूद्वेषाशी करणारे एका ज्यू मित्राचे पत्र त्यांनी वाचून दाखविले. ज्यू संघटना व अत्याचारपीडित व्यक्ती या दोहोंनाही ते लागले. व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी ही अधिकृत भूमिका नसल्याचे सांगितले. दोनच दिवसांनी एका इटालियन दैनिकातील मुलाखतीत फादर कांतालामेस्सा यांनी क्षमा मागितली. पुढे २०२० साली त्यांना कार्डिनलपद मिळाले. म्हणजेच एका चुकीने, ती प्रांजळपणे मान्य केल्यास, एखाद्याची आयुष्यभराची सेवा पुसली जात नाही.

अन्य समाजांविषयी बोलताना

सुवर्णमुखी म्हणून गौरविलेले संत जॉन क्रिसोस्टम हे प्रवचनकारांचे आदर्श होत. तथापि, इ. स. ३८६–३८७ मध्ये अंत्युखिया येथे धर्मगुरू असताना त्यांनी केलेली प्रवचनमाला आज खेदाने वाचावी लागते. ज्यूंच्या सणांना हजेरी लावणाऱ्या ख्रिस्ती लोकांना परावृत्त करणे हा त्यांचा हेतू होता. परंतु त्या भरात त्यांनी ज्यू समाजाविषयी अत्यंत कठोर भाषा वापरली. श्रोते काळाच्या पडद्याआड गेले, शब्द मात्र उरले, आणि पुढील शतकांत ज्यूद्वेष्ट्यांनी ते हत्यारासारखे वापरले. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांविषयीच्या आपल्या घोषणापत्रात ज्यूद्वेषाचा निषेध केला, आणि धर्मशिक्षणात व प्रवचनात शुभवर्तमानाच्या सत्याशी विसंगत असे काहीही शिकविले जाऊ नये, अशी सूचना दिली. संताच्याही वाणीला मर्यादेची गरज असते.

आपल्या देशात हा प्रश्न केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये केरळमधील कुरविलंगाड येथे एका बिशपांनी अमली पदार्थांच्या प्रसाराची सांगड मुस्लिम अतिरेक्यांच्या कारवायांशी घालणारे प्रवचन केले. रोख मूठभरांवर होता, असे समर्थकांचे म्हणणे. परंतु बाहेर पोहोचला तो अर्थ संपूर्ण समाजाविषयीचा होता. राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी नापसंती व्यक्त केली आणि दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. त्याच परिसरातील एका मठातील काही भगिनींनी, मिस्साच्या वेळी मुस्लिमांविरुद्ध बोलले गेले म्हणून आक्षेप घेतला व त्या उठून बाहेर गेल्या, हे वृत्तही त्या वेळी प्रसिद्ध झाले. श्रोत्यांचे मौन हे सदैव संमतीचे नसते, याची ती जाणीव होती.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २९९ वे कलम, म्हणजे पूर्वीचे दंडसंहितेतील २९५ अ, धार्मिक भावना हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने दुखावणाऱ्यास शिक्षा सांगते. समाजासमाजांत वैर पसरविण्याविरुद्ध १९६ वे कलम आहे. परंतु कायद्याचे भय हे आपल्या संयमाचे मुख्य कारण असू नये. आपल्या शेजारच्या घरातील बांधव आज या बाकावर बसलेला असता तर मी हे वाक्य उच्चारले असते काय, ही कसोटी पुरेशी आहे.

शवपेटीपुढे उच्चारलेले शब्द

सर्वांत खोल जखम अंत्यविधीच्या प्रवचनाने होऊ शकते. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात अठरा वर्षांच्या एका युवकाने स्वतःचे जीवन संपविले. मुलाच्या जीवनाचे आनंदाने स्मरण व्हावे, अशी विनंती आईवडिलांनी धर्मगुरूंना आधीच केली होती. प्रत्यक्ष प्रवचनात आत्महत्येचा पुनःपुन्हा उल्लेख झाला व मुलाच्या तारणाविषयी शंका वाटावी असे बोलले गेले, अशी त्यांची तक्रार होती. वडील पुढे गेले आणि त्यांनी थांबण्याची हळू आवाजात विनवणी केली. तरीही प्रवचन थांबले नाही, असे कुटुंबीयांनी सांगितले. डेट्रॉइट महाधर्मप्रांताने कुटुंबाची क्षमा मागितली. संबंधित धर्मगुरू यापुढे अंत्यविधीत प्रवचन करणार नाहीत व त्यांची अन्य प्रवचने एक ज्येष्ठ धर्मगुरू आधी पाहतील, असेही जाहीर करण्यात आले. पुढे हे प्रकरण न्यायालयातही गेले.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २२८२ व २२८३ या परिच्छेदांनुसार तीव्र मानसिक व्यथा, यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. अशा व्यक्तींच्या सार्वकालिक तारणाविषयी निराश होऊ नये; ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. म्हणजे तेथे कठोर बोलणारा प्रवचनकार केवळ अविवेकी ठरत नाही, तो ख्रिस्तसभेची शिकवणही अपुरी मांडतो. अंत्यविधीच्या मिस्सात प्रवचन थोडक्यात असावे आणि ते मृताचे गुणगान होऊ नये, असाही नियम आहे. स्तुती आणि निवाडा या दोन्ही टोकांपासून दूर राहून पुनरुत्थानाची आशा सांगणे, एवढेच तेथील कार्य होय. शिवाय मृत व्यक्तीचे नाव बिनचूक उच्चारण्यासाठी ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवावे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण ज्या घरातून ती शवपेटी आली आहे, त्या घराला ती क्षुल्लक वाटत नाही.

बालके आणि भविष्यवाणी

डिसेंबर २०२१ मध्ये सिसिलीतील नोटो येथील बिशपांनी बालकांपुढे बोलताना सांताक्लॉज अस्तित्वातच नाही, असे सांगून टाकले. बाजारूपणावर टीका करावी व संत निकोलस यांच्या दानशूरपणाकडे मुलांना वळवावे, हा त्यांचा हेतू चांगला होता. पण पालकांचा रोष पाहून धर्मप्रांताच्या वतीने दिलगिरी व्यक्त करावी लागली. सत्य सांगतानाही समोर कोण बसले आहे, हे पाहावे लागते.

त्याच्या अगदी उलट चूक म्हणजे आपल्याला ज्याचे ज्ञान नाही ते छातीठोकपणे सांगणे. पाचव्या लॅटरन परिषदेने १९ डिसेंबर १५१६ रोजी प्रवचनकारांसाठी आदेश काढला. ख्रिस्तविरोधकाचे आगमन वा अंतिम न्यायाचा दिवस यांची निश्चित वेळ प्रवचनातून सांगण्यास त्यात मनाई करण्यात आली. पूर, भूकंप किंवा रोगाची साथ आली की ती अमक्या पापाची शिक्षा आहे असे जाहीर करण्याचा मोह आजही काहींना होतो. पाचशे वर्षांपूर्वीचा तो आदेश त्यांनी अवश्य आठवावा.

उपाय

पहिला उपाय तयारी. २०१३ सालच्या ‘एव्हान्जेली गाउदियम’ या प्रेषितीय पत्रात पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनाच्या तयारीला विस्तृत जागा दिली. तयारी न करणारा प्रवचनकार अप्रामाणिक व बेजबाबदार ठरतो, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. बहुतेक अविवेकी उद्गार लिहून आणलेल्या भागात नसतात. ते ऐन वेळी सुचलेल्या जोडवाक्यात असतात. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही म्हण त्यांनाच लागू पडते.

दुसरा उपाय संक्षेप. १२ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी प्रवचन आठ मिनिटांहून अधिक लांबू नये, असे सांगितले. त्यानंतर लोकांना झोप लागते आणि त्यात त्यांची चूक नसते, अशी पुस्तीही जोडली. जितके बोलणे अधिक तितकी घसरण्याची संधी अधिक.

तिसरा उपाय कोणा व्यक्तीकडे अंगुलिनिर्देश न करणे. वर्गणी न देणारे, उशिरा येणारे, मिस्साला न येणारे यांच्यावर प्रवचनातून केलेला प्रहार जे आलेले असतात त्यांनाच सोसावा लागतो. एखाद्याला सांगावयाचे असेल तर त्याच्या घरी जाऊन सांगावे. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने हाच क्रम घालून दिला आहे.

चौथा व सर्वांत महत्त्वाचा उपाय क्षमायाचना. चूक ज्या पीठावरून झाली त्याच पीठावरून, शक्य तर पुढच्याच रविवारी, स्पष्ट शब्दांत ती मान्य करावी. ‘कोणाची भावना दुखावली असल्यास’ अशा शब्दांनी दोष श्रोत्यांच्या माथी मारला जातो. आज मोबाईल फोनमुळे व थेट प्रक्षेपणामुळे प्रवचन चर्चच्या भिंतींत राहत नाही. चूक जेथवर पोहोचते, तेथवर दुरुस्तीही पोहोचली पाहिजे.

भाविकांचेही एक कर्तव्य आहे. जिभेची घसरण हसून सोडून द्यावी. तिची ध्वनिचित्रफीत गावभर पाठवू नये. विवेकाची घसरण मात्र सोडून देऊ नये. आवारात कुजबुज करण्याऐवजी दोघातिघांनी धर्मगुरूंच्या निवासस्थानी जाऊन, ‘फादर, आज आपण म्हणालात ते आम्हाला लागले’ असे नम्रपणे सांगावे.

१६ ऑक्टोबर १९७८ रोजी नवनियुक्त पोप दुसरे जॉन पॉल संत पेत्र महामंदिराच्या सज्जात उभे राहिले आणि आपल्यासाठी परक्या असलेल्या इटालियन भाषेत लोकांशी बोलले. आपण चुकलो तर आपल्याला दुरुस्त करा, असे त्यांनी सांगितले. आणि ते सांगताना ‘दुरुस्त करा’ याच क्रियापदाचे रूप त्यांच्याकडून चुकले. खाली जमलेल्या समुदायाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्या क्षणापासून तो परदेशी माणूस रोमकरांचा झाला. जो प्रवचनकार आपल्या लोकांना आपली चूक दाखविण्याचा अधिकार देतो, त्याची चूक त्याच्या व लोकांच्या आड येत नाही.